सोन्याचे पान आणि शिवेवरचे झाड

आमच्या भागातील एका देवळाच्या विश्वस्तांनी गेल्या श्रावणात प्रांगणाच्या सुशोभनाचा विषय चर्चेस घेतला, आणि कागदपत्रे पाहावयास म्हणून मलाही त्या बैठकीस बोलावले. प्रस्ताव साधा होता. महाद्वाराजवळचा जुना, वाकडा आपटा काढावा आणि त्या जागेपासून दीपमाळेपर्यंत सोनेरी पानांच्या दुरंताचे कुंपण लावावे. दुरंता काटक, फांदी खोचली की जगतो, गुरेही त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. उलट आपट्याच्या फांद्या दर दसऱ्याला गर्दीत मोडतात आणि पुढे चार महिने ते झाड भुंड्या खराट्यासारखे उभे असते. एक तरुण विश्वस्त म्हणाले, "दुरंता बारा महिने सोन्यासारखा दिसतो." त्यावर कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "दिसतो खरा. पण दसऱ्याला तो कोणाच्या हातात सोने म्हणून ठेवता येईल काय?"

बैठक हसली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. जे पान खरोखर सोनेरी आहे त्याला आपण सोने म्हणत नाही, आणि जे हिरवेगार आहे ते मात्र सोने म्हणून वडीलधाऱ्यांच्या हातात ठेवून त्यांच्या पाया पडतो. हे कसे झाले, आणि त्यात आपल्या या सीमेवरच्या मुलखाचा काय संबंध, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम दुरंताविषयी दोन शब्द, कारण त्याचा काही अपराध नाही. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. सोळाव्या शतकातील कास्तोरे दुरांते या इटालियन वनस्पतिज्ञाच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. आज आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांपासून मंगल कार्यालयांपर्यंत जिकडेतिकडे दिसते ती तिची सोनेरी पानांची जात होय. तिच्या पानात हरितद्रव्य कमी, म्हणून पिवळा रंग वर दिसतो. मात्र हे सोने उन्हाचे आहे. झुडूप सावलीत लावले की पाने हळूहळू हिरवी होतात. तिची पिवळी फळे विषारी आहेत, हेही लहान मुलांची वर्दळ असलेल्या देवळांनी ध्यानात ठेवावयास हवे.

आता आपल्या सोन्याकडे वळू. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत दसऱ्याच्या संध्याकाळी एक गोष्ट घडते, जी पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या माणसास सहसा पाहावयास मिळत नाही. मराठी घरातून आपट्याचे पान येते आणि कन्नड घरातून बन्नीचे, म्हणजे शमीचे. माझ्या लहानपणी आमच्या घरी तबकात दोन्ही असत. आजोबांच्या टोपीत घटाचे पिवळे तुरे खोचलेले असत. शेजारचे अण्णा येत, शमीच्या बारीक पानांची चिमूट आजोबांच्या हातावर ठेवीत आणि 'बन्नी घ्या, सोन्यासारखे होऊ या' अशा अर्थाचे कन्नडमध्ये काही म्हणत. आजोबा त्यांच्या हाती आपट्याचे पान देऊन म्हणत, 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा.' दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या पानाला खोटे म्हटल्याचे मला आठवत नाही.

या दोन पानांत मूळचे कोणते, हा वाद विद्वानांच्या बैठकीत नेहमी निघतो. माझ्या व्यवसायाच्या सवयीप्रमाणे मी साक्षीपुरावे पाहिले.

पहिला पुरावा महाभारताच्या विराटपर्वातील. अज्ञातवासाच्या आरंभी पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेर, स्मशानाजवळच्या एका विशाल शमीवर ठेवली. नकुलाने वर चढून ती बांधली, आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेतही बांधून ठेवले. वर्ष सरत आले तेव्हा अर्जुनाने उत्तराला त्याच झाडावर चढविले आणि शस्त्रे जशीच्या तशी परत घेतली. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर शमीने ठेव सांभाळली आणि मागताक्षणी परत केली. याहून प्रामाणिक निक्षेपधारी मला माझ्या वकिलीत भेटलेला नाही.

दुसरा पुरावा कालिदासाच्या रघुवंशातील पाचव्या सर्गाचा. वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा विद्यांबद्दल चौदा कोटींची गुरुदक्षिणा मागावयास रघूकडे आला, तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघूजवळ अर्घ्याला मातीचे पात्र तेवढे उरले होते. रघूने कुबेरावर चाल करण्याचे ठरविले, आणि स्वारी निघण्यापूर्वीच रात्री सोन्याचा पाऊस पडला. परंतु वाचकांनी एक गोष्ट पाहावी. कालिदासाने हे सोने पाडले ते राजाच्या कोशागारात. तेथे ना आपटा आहे ना शमी. झाड आणले ते लोकांनी. लोककथेत उरलेले सोने गावाबाहेर झाडाखाली ओतले गेले आणि लोकांनी ते लुटले. लोकांची ही दुरुस्ती मला फार अर्थपूर्ण वाटते. मूळ कथेत कौत्स गुरूच्या देण्याहून अधिक एक नाणे घ्यावयास तयार नाही आणि रघू त्यातले एक नाणे ठेवून घ्यावयास तयार नाही. ज्या धनावर दोन्ही पक्ष हक्क सोडतात, ते कोणाचे? कवीने हा प्रश्न मोकळा सोडला. लोकांनी उत्तर दिले की ते सर्वांचे. आपण दसऱ्याला जे सोने 'लुटतो' ते हे, कोणीच आपले न म्हटलेले सोने.

तिसरा पुरावा धर्मशास्त्राच्या निबंधांचा. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेला धर्मसिंधू आमच्या भागातील उपाध्यांच्या घरी हमखास असे. विजयादशमीच्या कृत्यांत अपराजितापूजन, सीमोल्लंघन आणि शमीपूजन सांगितलेले आहे. आणि शमी न मिळाल्यास अश्मंतकाची पूजा करावी असे म्हटले आहे. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. गंमत अशी की हा वृक्ष प्रतिनिधी म्हणून पुरातन काळापासून प्रसिद्ध आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुंजीच्या मेखलेसाठी मुंज गवत न मिळाल्यास कुश, अश्मंतक किंवा बल्वज यांची मेखला करावी असे आहे. आपट्याच्या सालीचे वाख मजबूत असतात व त्यांचे दोर वळतात, हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. शास्त्रकारांनी त्या गुणाकडे पाहूनच त्याची निवड केली असावी.

तेव्हा निकाल असा की शमी हे मुख्य आणि आपटा हा तिचा शास्त्राने नेमलेला प्रतिनिधी. शमी कोरड्या मुलखाचे झाड. कोकणात व सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात ती सहजी मिळणार कोठून? तेथे आपट्यास मान मिळणे साहजिक होते. गोव्यात देवाची पालखी शिलंगणास निघते तेव्हा सोने म्हणून वाटावयाचे ते आपट्याचेच पान. म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक मात्र राजवाड्यातून निघून बन्नीमंटपाकडे जाते, आणि तो मंटप नावाप्रमाणेच शमीच्या पूजेचे स्थान आहे. आमचा मुलूख या दोन रीतींच्या मधोमध पडतो, म्हणून आमच्या तबकात दोन पाने.

येथे एक बारकावा सांगावयास हवा. निबंधकारांच्या विधीत शमीपूजनानंतर घरी काय आणावयाचे? शमीच्या मुळाशी असलेली ओली माती, अक्षतांसह, वाजतगाजत. फांद्या ओरबाडण्याची आज्ञा त्या विधीत मला आढळली नाही. पान देण्याची रीत ही लोकाचाराची आहे. लोकाचारालाही प्रामाण्य असते, यात शंका नाही. पण जो आचार झाडच नाहीसे करतो, तो स्वतःचाच आधार तोडतो.

आता या मुलखाचा संबंध. सीमोल्लंघन या शब्दाचेच लोकभाषेत शिलंगण झाले आणि सीमेची शीव झाली. शमी शिवेवरच का असावी, याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे, पण ते व्रतांच्या प्रकरणात नसून व्यवहाराच्या म्हणजे कायद्याच्या प्रकरणात आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दोन गावांच्या सीमेवर कोणती झाडे लावावीत ते सांगितले आहे. वड, पिंपळ, पळस, सावर हे मोठे वृक्ष. आणि त्यांच्या जोडीला झुडपे, बांबू, शमी, वेली, मातीचे उंचवटे. कारणही तेथेच दिले आहे, की असे केल्याने सीमा नष्ट होत नाही.

याच विषयाचे विवेचन याज्ञवल्क्यस्मृतीत सीमाविवाद या प्रकरणात आहे, आणि त्या स्मृतीवरची सर्वांत प्रसिद्ध टीका मिताक्षरा ही आपल्याच मातीत लिहिली गेली. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वरांनी ती कल्याण नगरीत रचली. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे विज्ञानेश्वरांचे गाव मानले जाते. बंगालचा दायभाग सोडला तर हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा भारतभर मिताक्षरेवर चालत आला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलातही तिचा आधार घेतला जाई. पण ज्या भूमीत ती लिहिली गेली तेथील आपण तिच्यातली झाडांची कलमे मात्र विसरलो.

ती कलमे पाहण्यासारखी आहेत. सीमेची खूण म्हणून उंचवटे, कोळसा, कोंडा, झाडे, बांध, वारुळे, खळगे, हाडे, चैत्य यांचा उल्लेख आहे. खुणा नसतील तर शेजारच्या गावांतील चार, आठ किंवा दहा माणसांनी तांबडी वस्त्रे व तांबड्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन सीमा चालून दाखवावी, असे सांगितले आहे. आणि झाडे तोडणाऱ्यास दंड आहे. माणसांच्या उपजीविकेस उपयोगी पडणाऱ्या वृक्षाची फांदी तोडल्यास वीस पण, खोड तोडल्यास चाळीस, समूळ तोडल्यास ऐंशी. तेच झाड चैत्य, स्मशान, सीमा, पुण्यस्थान किंवा देवालय येथे वाढलेले असेल तर दंड दुप्पट. म्हणजे देवळाच्या महाद्वाराशी असलेल्या झाडाची नुसती फांदी मोडली तरी चाळीस पण. आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत मी हे वाचून दाखविले तेव्हा सर्वांनी ते हसण्यावारी नेले. पण थोड्या वेळाने हसणे थांबले, हेही खरे.

यावर कोणी म्हणेल की नवशे वर्षांपूर्वीच्या या कलमांचे आज काय प्रयोजन? मी एक प्रकरण सांगतो. पक्षकारांची नावे व गाव सांगण्याचे कारण नाही. चुलता आणि पुतण्या यांच्या शेतांमधील बांधाचा दावा होता. निजामाच्या काळातले उर्दू खरेदीखत पुढे आले. चतुःसीमेत पूर्वेस 'शमीचे झाड' एवढेच लिहिलेले. ते झाड कधीकाळी कोणी सरपणासाठी तोडले होते, आणि ते कोठे होते यावर दोन्हीकडचे साक्षीदार शपथेवर वीस हातांच्या फरकाने सांगत होते. मोजणी झाली, कमिशनर आले, अपील झाले. नऊ वर्षांनी निकाल लागला आणि दगड पुरला गेला. त्या नऊ वर्षांत दसऱ्याला त्या दोन घरांत ना पान गेले ना आले. खर्चाचा हिशेब पाहता त्या वीस हात जमिनीची किंमत कितीतरी वेळा भरली गेली होती. पुढच्या पावसाळ्यात पुतण्याने त्या दगडाजवळ आपट्याचे एक रोप लावले. चुलत्याने काही लावले नाही; पण आपल्या शेळ्या मात्र तो त्या बाजूस बांधीनासा झाला. समेटाची एवढीच खूण मी पाहिली, आणि मला ती पुरेशी वाटली. सीमेवरचे झाड मेले की सीमा मरते, आणि सीमा मेली की शेजार मरतो, हे मनूने न सांगता मला त्या दाव्याने शिकविले.

मोठ्या सीमेविषयीही हेच म्हणता येईल. हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण सप्टेंबर १९४८ मध्ये झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे बिदरबरोबर त्या वेळच्या म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्गा जिल्हाही तिकडेच गेला, आणि २०१४ पासून त्याचे नाव कलबुर्गी झाले. एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन राज्यांत पडल्या. एकीच्या जमिनीचा कागद सातबारा झाला, दुसरीचा पहाणी. त्या निर्णयाच्या न्यायान्यायाची चर्चा येथे करावयाची नाही; ती न्यायासनापुढे आहे. परंतु या मुलखाने भाषांची शीव वाद न घालता ओलांडण्याची कला फार पूर्वीपासून जोपासली. गाणगापूरच्या श्रीनृसिंहसरस्वतींचे चरित्र मराठीत ओवीबद्ध करणारे सरस्वती गंगाधर हे कन्नड भाषक होते, आणि आपणांस महाराष्ट्र भाषा येत नाही असे त्यांनी ग्रंथातच नम्रपणे सांगितले आहे. हुमनाबादच्या श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड व हिंदी या भाषांत पदे रचली. ज्या देवळांत अशी पदे एकाच बैठकीत म्हटली जातात, तेथे तबकात दोन पाने असण्याचे नवल ते काय?

आता संकट कोठे आहे ते पाहू. शहरांच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या म्हणून ज्या गाडाभर फांद्या येतात, त्यांत पुष्कळदा कांचनाच्या असतात. ओळखावयाची खूण सोपी आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे मोठे, पातळ आणि बहुधा लांबट. कांचन आपट्याच्याच कुळातला, पण शास्त्राने त्यास नेमलेले नाही. प्रतिनिधीस प्रतिनिधी नसतो, असा मीमांसकांचा न्याय आहे. आमच्या १८७२ च्या करार कायद्याच्या १९० व्या कलमातही, मुखत्याराने स्वतः करावयाचे काम सामान्यतः दुसऱ्या मुखत्याराकडे सोपवू नये, असेच सांगितले आहे. म्हणजे कांचन दोन्ही न्यायालयांत हरतो! पण दोष कांचनाचा नाही. डोंगरावरचा आपटा दरवर्षी ओरबाडून आपण विरळ केला, म्हणून कांचनावर हात पडला. उद्या कांचनही संपेल आणि आपण सोनेरी कागदाची पाने देऊ.

यावर उपाय एकच, की ज्यास सोने द्यावयाचे त्याने ते पिकवावे. आपटा लावणे अवघड नाही. हिवाळ्यात शेंगा पिकून काळपट होतात. त्यांतील बियांचे कवच कठीण असते. म्हणून त्यांवर गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे आणि मातीच्या पिशव्यांत पेरावे. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात रोप लावावे. बिदरच्या पठाराची लाल जांभ्याची जमीन त्यास चालते. कलबुर्गीकडील काळ्या जमिनीत पाणी साचू नये एवढे पाहावे. पहिले दोन उन्हाळे बेताचे पाणी आणि शेळ्यांपासून राखण, एवढीच त्याची अपेक्षा. पुढे तो अवर्षणातही तग धरतो. त्याची वाढ वाकडीतिकडी, फांद्या खाली झुकलेल्या; रूप पाहून त्यास कोणी बागेत घेणार नाही. शमीही बियांपासून येते. पण तिचे मूळ खोल जात असल्याने रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे आणि धीर धरावा. ती सावकाश वाढते. जो तिला लावतो तो बहुधा आपल्या नातवासाठी लावतो.

विश्वस्तांची दुसरी सभा भाद्रपदात झाली. दुरंताचे कुंपण पाण्याच्या टाकीच्या बाजूस, भरपूर उन्हात आणि मुलांच्या हातापासून दूर लावण्याचे ठरले. आपटा जागेवर राहिला. त्याच्याभोवती पार बांधावा आणि दसऱ्यास प्रत्येक घराने एकच पान घ्यावे, तेही पुजाऱ्यांच्या हातून, असा नियम झाला. मग त्या वृद्ध गृहस्थांनी पुन्हा तोंड उघडले. "आपट्याशेजारी एक बन्नीही लावू या," ते म्हणाले. "मुख्य तीच ना? वकीलसाहेबांनी एवढे वाचून दाखविले, तर निकालाची अंमलबजावणीही होऊ द्या."

रोप आणून देण्याचे काम शेजारच्या गल्लीतील एका कन्नड कुटुंबाने अंगावर घेतले. ते लावावयाच्या दिवशी मी गेलो तेव्हा दारातूनच त्या घरच्या आजींनी मला हाक मारली, "बन्नि, वकील्रे, बन्नि!" क्षणभर मला वाटले, त्या झाडाचे नाव घेत आहेत. मग लक्षात आले. कन्नडमध्ये बन्नि म्हणजे 'या'. एकाच शब्दात झाड आणि आमंत्रण दोन्ही. शिवेवरच्या झाडास याहून अधिक शोभेल असे नाव कोणत्या भाषेत सापडेल?